घरची छोटी पवनचक्की महावितरणच्या लाईनला जोडायचीय? मग आधी हे वाचा

दर पावसाळ्यात पुण्यात हा प्रश्न निघतोच. गच्चीवरच्या सोलरचं जनरेशन जूनमध्ये बसतं, बाहेर वारा नुसता घोंघावत असतो, आणि मग कोणीतरी विचारतं की गच्चीवर एक छोटी पवनचक्की लावून ती मीटरला जोडता येईल का हो. येते. नियमात बसते, वायरिंग आवाक्यातलं आहे, कागदपत्रंही सोलरसारखीच आहेत. पण सोलर आणि पवनचक्कीत एक मोठा फरक आहे जो विकणारा सांगत नाही. लाईट गेली की सोलर पॅनल गप्प पडून राहतं, पवनचक्की मात्र फिरतच राहते, आणि तेव्हा तिची वीज घ्यायला कोणी नसतं. या एका गोष्टीभोवती सगळी जोडणी आखावी लागते, म्हणून मी त्यावर जास्त लिहिणारे आणि बाकीचं पटापट.

हे लिहितोय ते स्वतःचं घर किंवा फार्महाऊस असलेल्यांसाठी, साधारण १ ते ५ किलोवॅटपर्यंतच्या मशीनसाठी. कोथरूड, सदाशिव पेठ, वाकड असल्या ठिकाणी सोसायटीत राहत असाल तर खरं सांगू का, पैसे सोलरमध्ये घाला. गच्ची सगळ्यांची, त्यामुळे जनरल बॉडीचा ठराव लागणार, खालच्या मजल्यावरच्या काकांना स्लॅबमधून येणारी घरघर ऐकू येणार, आणि आजूबाजूच्या बिल्डिंगांमुळे वारा इतका फाटून येतो की मशीन कधी इकडे तोंड करतं कधी तिकडे आणि युनिट काही पडत नाहीत.

पहिली पायरी : वारा आहे का ते बघा, अंदाजाने नाही

वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट. ऐकायला भारी वाटतं, पण उलट्या बाजूने बघा, वेग निम्मा झाला तर आठवा हिस्साच उरतो. अडीच मीटर व्यासाचा पंखा घेऊ, बाजारात याला बहुतेक वेळा १ किलोवॅटचं मशीन म्हणून विकतात. वारा सेकंदाला ३ मीटर असेल, म्हणजे ताशी साधारण ११ किलोमीटर, तर सगळे लॉस धरून हातात १५-२० वॉट येतात, एक-दोन एलईडी बल्ब. सेकंदाला ६ मीटरला दीडशेच्या आसपास वॉट. आणि ते १ किलोवॅट बघायला मिळतं ते सेकंदाला ११ मीटरच्या पुढे, म्हणजे ताशी ४० किलोमीटरचा वारा, जो पुण्यात वळवाच्या वादळात आणि आषाढात घाटमाथ्यावर असतो, रोज संध्याकाळी नसतो.

आता महिन्याचा हिशोब. याच मशीनला वर्षाची सरासरी सेकंदाला ३ मीटर मिळाली तर महिन्याला वीसेक युनिट धरा. साडेचार मीटर मिळाली तर सत्तर-पंचाहत्तर. तुलनेला, पुण्यात १ किलोवॅट सोलर महिन्याला सरासरी १२० युनिटच्या आसपास देतं. आकडे समोर ठेवूनच ठरवा.

अजून एक. कॅटलॉगमधले आकडे समुद्रसपाटीच्या हवेचे असतात, घनमीटरला १.२२५ किलो धरून. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर, वर उकाडा, त्यामुळे इथली हवा त्याहून दहाएक टक्के हलकी आणि जनरेशनही तेवढंच कमी.

वारा मोजायला कप-अॅनिमोमीटर आणि डेटा लॉगर घ्या, तो ज्या उंचीवर पंखा बसणार त्या उंचीला लावा, आणि वर्षभर ठेवा. फक्त पावसाळ्यात मोजलं तर हमखास फसगत होते, कारण आपल्याकडे जोराचा वारा मुख्यतः जून ते ऑगस्ट पश्चिमेकडून येतो आणि दिवाळीनंतर रात्री पानसुद्धा हलत नाही. वर्षभर थांबायची तयारी नसेल तर निदान ग्लोबल विंड अॅटलास हा फुकटचा नकाशा उघडून आपलं गाव बघा (त्यातले आकडे बऱ्याच वरच्या उंचीचे असतात, ५० किंवा १०० मीटर, ते तसेच्या तसे स्वतःच्या टॉवरला लावू नका). शिवाजीनगरचं हवामान खात्याचं ऑफिस, म्हणजे आपलं शिमला ऑफिस, तिथली जुनी नोंद शहराचा अंदाज घ्यायला बरी आहे, पण तुमच्या टेकडीला ती लागू होईलच असं नाही.

साताऱ्याला जाताना वर पठारावर पवनचक्क्या दिसतात म्हणून आपल्याकडेही चालेल असं गृहीत धरणारे खूप भेटतात. चाळकेवाडी, वनकुसवडे ही उघडी पठारं आहेत, सह्याद्रीच्या कडेला, अडवायला काही नाही, आणि ती मशीनं उंच टॉवरवर आहेत. पुण्याजवळ तसं थोडंफार मिळतं ते पानशेत-वेल्ह्याच्या बाजूला, मुळशीच्या वरच्या अंगाला, भोरकडे, पुरंदरच्या किंवा बोपदेव घाटाच्या वरच्या उघड्या सड्यांवर. दरीतल्या प्लॉटवर नाही, तिथून व्ह्यू कितीही छान दिसो.

दुसरी पायरी : मशीन निवडताना व्यास मोजा, किलोवॅट वाचू नका

ऑनलाइन "५ किलोवॅट विंड टर्बाइन" म्हणून जे स्वस्तात मिळतं त्याचा पंख्याचा व्यास बघा. पंख्याला वाऱ्यातली जास्तीत जास्त ५९.३ टक्के ताकद घेता येते, ही निसर्गाचीच मर्यादा आहे, बेट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिलेली, आणि छोटी मशीनं सगळे लॉस धरून तिच्या निम्म्यापर्यंत पोचली तरी खूप. त्यामुळे सव्वा मीटरहून कमी, समजा १.२ मीटर व्यास असेल, तर ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यातही त्यातून ५०० वॉट निघणं शक्यच नाही, मग डब्यावर काहीही छापलेलं असो. खऱ्या ५ किलोवॅटला पाच मीटरच्या पुढे व्यास लागतो. एवढी एक टेप घेऊन केलेली तपासणी खूप पैसे वाचवते.

उभ्या अक्षाची, ती गोल-गोल पिळाची शोभेची मशीनं, रील्समध्ये सुंदर दिसतात. तेवढ्याच आकारात साधारणपणे आडव्या अक्षापेक्षा कमी वीज देतात आणि गच्चीवर बसवली की स्लॅब थरथरतो. ज्यांना शोभेसाठी हवीत त्यांनी घ्यावीत.

कागद काय मागायचे तर, छोट्या टर्बाइनच्या डिझाइनचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६१४००-२ आहे, त्यानुसार टेस्ट झालीय का, आणि मोजलेला पॉवर कर्व्ह (किती वाऱ्याला किती वॉट, त्याचा आलेख) आहे का. आपल्याकडे अशा टेस्टिंगसाठी चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था आहे, तिचं टेस्ट स्टेशन तमिळनाडूतच कायथारला. विकणारा "सर, सर्टिफिकेट नंतर मेल करतो" म्हणाला तर पुढचा दुकानदार बघा, कारण हाच कागद नेट मीटरिंगच्या (लाईनला दिलेली वीज बिलातून वजा होण्याच्या) अर्जालाही लागणारे.

सबसिडीचं विचाराल तर पीएम सूर्यघर योजना, फेब्रुवारी २०२४ पासूनची, ३ किलोवॅट आणि वर ७८ हजारवाली, ती फक्त छतावरच्या सोलरला आहे, पवनचक्कीला नाही. पवन-सौर मिश्र संयंत्रांना पूर्वी केंद्राची योजना होती आणि आपल्याकडे ती महाऊर्जामार्फत, म्हणजे राज्याच्या अपारंपरिक ऊर्जेच्या संस्थेमार्फत, चालायची. आत्ता काही चालू आहे का ते महाऊर्जाच्या ऑफिसात जाऊन विचारा, मुख्यालय पुण्यातच आहे, पण सबसिडी धरून बजेट करू नका.

तिसरी पायरी : टॉवर आणि परवानगी

थंबरूल असा की आजूबाजूच्या शे-दीडशे मीटरमध्ये जे सगळ्यात उंच झाड किंवा घर असेल त्याच्याहून पंख्याची पाती निदान ९-१० मीटर वर पाहिजेत. म्हणजे साधं एकमजली घर आणि आंब्याची झाडं असली तरी टॉवर १८-२० मीटरचा होतो. टॉवरचे पैसे वाचवायला जाणारे सगळ्यात महागाची चूक करतात, कारण मशीन तेच राहतं आणि वारा मात्र निम्मा.

नवख्या माणसाने टिल्ट-अप टॉवर घ्यावा, म्हणजे खाली बिजागरीवर फिरणारा, ताणाच्या तारा असलेला, जो विंचने किंवा चेनपुलीने आडवा करता येतो. वर चढायची वेळच येत नाही. फाउंडेशन स्ट्रक्चरल इंजिनियरकडून काढून घ्या. आपल्याकडे वरती मुरूम आणि खाली काळा पाषाण, त्यामुळे कुठे अँकर पक्का बसतो तर कुठे ब्रेकर लावून दिवस जातो. काळ्या मातीत अँकर असेल तर अजूनच काळजी घ्या, उन्हाळ्यात ती फाटते.

टॉवर कुठल्याही दिशेला पडला तरी तुमच्याच हद्दीत पडला पाहिजे आणि महावितरणच्या तारांपासून लांब. टिल्ट-अप टॉवर आडवा करताना त्याचं टोक केवढं वर्तुळ घेतं ते जमिनीवर चुन्याने आखून बघा आणि त्या वर्तुळात ११ केव्हीची लाईन येत असेल तर ती जागा सोडा. इथे जीव जातो.

परवानगीचं म्हणाल तर हद्दीप्रमाणे महापालिका, पीएमआरडीए किंवा ग्रामपंचायत, जिथे बांधकाम परवानगी मिळते तिथेच टॉवरचं विचारा आणि लेखी घ्या. लोहगाव विमानतळाच्या बाजूचे, म्हणजे विमाननगर, धानोरी, विश्रांतवाडी, खराडी, वाघोली, यांनी उंचीची मर्यादा आधी बघावी, विमानतळ प्राधिकरणाचा रंगीत झोनचा नकाशा असतो त्यात प्लॉट शोधायचा. खडकवासल्याला एनडीए, दिघी, देहूरोड, असल्या संरक्षण खात्याच्या हद्दींजवळ असाल तरीही तेच. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, चहाला बोलवा, टॉवर उभा राहिल्यावर सांगितलं की भांडण होतं.

चौथी पायरी : वायरिंग, आणि लाईट गेल्यावर पंख्याचं काय

पंख्यातून जो करंट येतो तो थ्री फेज एसी असतो पण घरातल्यासारखा नाही, वारा वाढला की त्याचं व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही वाढतात, म्हणून तो आधी रेक्टिफायरमधून डीसी करायचा, मग कंट्रोलरमधून ग्रिड-टाय इन्व्हर्टरला (ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या लाईनला, जोडून चालणाऱ्या) द्यायचा आणि इन्व्हर्टर तो २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला आणून ग्रिडच्या तालात मिसळतो. घरात आधीच सोलरचा इन्व्हर्टर आहे, त्यालाच जोडून टाकू का, असं सगळे विचारतात. नाही. सोलरचा इन्व्हर्टर उन्हाच्या हिशोबाने जास्तीत जास्त वीज मिळेल तो पॉइंट सावकाश शोधत बसतो, वारा तोवर बदललेला असतो, आणि जोराच्या झुळुकीत पंख्याचं व्होल्टेज त्याच्या डीसी मर्यादेच्या वर गेलं की इन्व्हर्टर जळतो, वॉरंटीही मिळत नाही. पवनचक्कीचा पॉवर कर्व्ह भरता येतो असाच इन्व्हर्टर पाहिजे.

आता मुद्द्याचं. नियमाप्रमाणे ग्रिड गेली की इन्व्हर्टरने वीज सोडणं बंद केलंच पाहिजे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या कनेक्टिव्हिटी मानकांत दोन सेकंदांच्या आत असं आहे. कारण साधं आहे, डीपी (तुमच्या भागाचा ट्रान्सफॉर्मर) बंद करून खांबावर चढलेला लाईनमन, त्याच्या हातातल्या तारेत तुमच्या घरातून वीज गेली तर माणूस मरतो. याला अँटी-आयलंडिंग म्हणतात, त्याचं भारतीय मानक आयएस १६१६९, आणि इन्व्हर्टरच्या सुरक्षेचं आयएस १६२२१. दोन्हीचे कागद बघून घ्या.

पण इन्व्हर्टर बंद झाला म्हणजे पंख्यावरचा लोड गेला. लोड नसलेला पंखा म्हणजे कात्रजच्या उतारावर न्यूट्रलमध्ये सोडलेली गाडी. वेग वाढत जातो, व्होल्टेज वाढत जातं, पाती शिट्टी मारायला लागतात, आणि शेवटी बेअरिंग, पाती किंवा कंट्रोलर यातलं जे कच्चं असेल ते जातं. आणि आपल्याकडे लाईट कधी जाते? एक तर गुरुवारी देखभालीला, ती परवडते, आधी मेसेज येतो. दुसरी एप्रिल-मेमध्ये वळीव आला की, झाड तारेवर पडतं, म्हणजे वारा वर्षातला सगळ्यात जोरात आणि ग्रिड नेमकी त्याच मिनिटाला गायब. म्हणून तीन बंदोबस्त लागतात आणि तिन्ही लागतात.

एक, डम्प लोड. मोठे रेझिस्टर, हीटरसारखे, ज्यात जास्तीची वीज उष्णता करून घालवायची. हे मशीनच्या पूर्ण क्षमतेपेक्षा थोडे मोठे घ्या आणि सलग चालतील असे घ्या, दोन मिनिटांच्या रेटिंगचे नकोत. बाहेरच्या भिंतीवर, हवेशीर जाळीच्या पेटीत, खाली सिमेंट, जवळ लाकूड, पडदा, गवत काही नाही, कारण ते चांगलेच तापतात. आणि हे नीट वाचा, डम्प लोड चालू करणाऱ्या कंट्रोलरला स्वतःची वीज कुठून मिळते ते विचारा. ती घरातल्या प्लगमधून येत असेल तर लाईट गेल्यावर कंट्रोलरच बंद पडणार, म्हणजे ज्या क्षणासाठी तो घेतला त्याच क्षणाला तो झोपलेला असणार. ती वीज पंख्याच्याच डीसीवरून किंवा छोट्या बॅटरीवरून यायला हवी. मी बघितलेल्या जोडण्यांमध्ये ही गोष्ट सगळ्यात जास्त वेळा राहून गेलेली असते.

दोन, ब्रेक स्विच. जनरेटरच्या तिन्ही फेज एकमेकांना शॉर्ट केल्या की पंखा जड होऊन जवळजवळ थांबतो. पण हा भर वादळात, पंखा पूर्ण वेगात असताना मारू नका, वाइंडिंग तापून जळू शकतं किंवा ब्रेक धरतच नाही. आधी डम्प लोडने वेग खाली आणायचा, झुळूक ओसरल्यावर ब्रेक. वादळाचा इशारा असेल तर ढग यायच्या आधीच ब्रेक मारून ठेवलेला सगळ्यात उत्तम.

तीन, यांत्रिक सोय, म्हणजे शेपूट दुमडून पंखा वाऱ्याच्या तोंडातून बाजूला होणं, फर्लिंग म्हणतात त्याला. वीज, वायर, कंट्रोलर काहीही चालत नसलं तरी ही चालते. मशीन घेतानाच आहे का बघा, नंतर बसवता येत नाही.

याच कारणाने पंखा आणि डम्प लोड यांच्यामध्ये साधा एमसीबी किंवा फ्यूज टाकून ठेवू नका. सोलरवाल्या वायरमनला सवय असते, प्रत्येक ठिकाणी एमसीबी. इथे तो पडला की पंखा मोकळा सुटतो. तिथे चेंजओव्हर स्विच लागतो, एका बाजूला "चालू", दुसऱ्या बाजूला "शॉर्ट", मध्ये मोकळी जागा नसलेला.

घरात बॅटरीचा इन्व्हर्टर असेल, जो पुण्यात बहुतेकांकडे असतोच, तर ग्रिड-टायचं आउटपुट त्या बॅकअपच्या सर्किटवर जोडू नका. लाईट गेल्यावर बॅटरीवाला इन्व्हर्टर २३० व्होल्ट तयार करतो, ग्रिड-टायवाल्याला वाटतं ग्रिड आली, तो त्यात वीज ढकलायला लागतो आणि दोघांपैकी एक जातो. जोडणी थेट मेन बोर्डला, बॅकअपच्या आधी.

एसी बाजूला एमसीबी, सर्ज प्रोटेक्शन, जनरेशन मीटर, आणि मीटर पेटीजवळ एक आयसोलेटर, ज्याचे कॉन्टॅक्ट उघडे झालेत हे डोळ्यांना दिसतं आणि ज्याला बंद अवस्थेत कुलूप घालता येतं. लाईनमनला तिथे सहज पोचता आलं पाहिजे, गेटच्या आत कुत्र्याच्या शेजारी नको. अर्थिंग वेगवेगळं करा, टॉवर आणि लायटनिंग अरेस्टरचं एक, डीसीचं एक, एसीचं एक. मुरमाड जमिनीत नुसता पाइप ठोकून भागत नाही, केमिकल अर्थिंग करून अर्थ मेगरवाल्याकडून रेझिस्टन्स किती ओहम येतो ते मोजून घ्या, आणि मोजणी उन्हाळ्यात करा, पावसाळ्यात ओल्या जमिनीत सगळ्यांचंच अर्थिंग चांगलं येतं.

पाचवी पायरी : महावितरणचा अर्ज

राज्य वीज नियामक आयोगाची २०१५ ची नेट मीटरिंग नियमावली छतावरच्या सोलरपुरती होती. २०१९ ला तिच्या जागी नवी आली ती छतावरच्या सगळ्या नवीकरणीय संयंत्रांसाठी आहे. ऑफिसमध्ये रोजचं काम सोलरचंच असल्यामुळे समोरच्याने "पवनचक्की? ती कुठे बसते यात?" असं विचारलं तर चिडू नका, २०१९ च्या नियमावलीची प्रत जवळ ठेवा आणि दाखवा.

अर्ज ऑनलाइन असतो, पण त्याआधी आपल्या सबडिव्हिजनला एक चक्कर माराच. शहरातले रास्ता पेठ किंवा गणेशखिंड मंडलात येतात, ग्रामीण भागातल्यांची मंडलं वेगळी, तुमचं सबडिव्हिजन बिलावर छापलेलं असतं. अर्जाच्या आधी तीन गोष्टी निस्तरून घ्या. बिलावरचं नाव, कारण फार्महाऊसचं मीटर अजून आजोबांच्या नावावर असतं आणि अर्ज नातू करतो, तर आधी नाव बदला. थकबाकी शून्य करा. आणि मंजूर भार (तुमच्या कनेक्शनला मंजूर असलेले किलोवॅट) बघा, संयंत्राची क्षमता त्याच्यापेक्षा जास्त चालत नाही, आणि घरी सोलर असेल तर दोन्हींची बेरीज धरायची. मंजूर भार २ किलोवॅट, सोलर २ किलोवॅट, वर १ किलोवॅटची पवनचक्की, असं असेल तर आधी भार वाढवून घ्या.

अर्जासोबत सिंगल लाईन डायग्राम (सगळ्या जोडणीचा एकरेषी नकाशा), टर्बाइन आणि इन्व्हर्टरचे डेटाशीट, टेस्ट सर्टिफिकेट, जागेचा पुरावा, आणि लायसन्स असलेल्या विद्युत ठेकेदाराचे कागद. डायग्राममध्ये डम्प लोड आणि आयसोलेटर ठळक दाखवा, तपासणाऱ्या इंजिनियरच्या अर्ध्या शंका तिथेच मिटतात. मग तांत्रिक तपासणी होते, तुमच्या डीपीवर आधीच किती सोलर जोडलंय, जागा उरलीय का. १० किलोवॅटपर्यंतच्या सोलरला ही तपासणी लागत नाही अशी २०२४ ची दुरुस्ती आहे, ती छतावरच्या सोलरसाठी आहे, पवनचक्कीला लागू होईल असं धरून मटेरियलची ऑर्डर देऊ नका. मंजुरीचं पत्र हातात आल्यावरच पैसे सोडा.

नंतर करार, नेट मीटर, मीटरचं टेस्टिंग, ते ठेकेदाराला माहिती असतं.

सहावी पायरी : जोडणीचा दिवस

थोडा वारा असलेला दिवस निवडा, अगदी शांत दिवशी काही कळत नाही. इंजिनियर येतात, डायग्रामप्रमाणे जोडणी आहे का बघतात, मीटर सील करतात. मग मुख्य चाचणी. पंखा फिरतोय, इन्व्हर्टरवर वॉट दिसतायत, आणि मेन स्विच खाली ओढला जातो. इन्व्हर्टरचा हिरवा दिवा लगेच लाल होतो, आउटपुटला मल्टिमीटर लावला की शून्य. त्याच वेळी तुम्ही मात्र इन्व्हर्टरकडे न बघता बाहेर जाऊन डम्प लोडच्या पेटीसमोर हात धरा, लांबूनच, गरम हवा यायला लागली पाहिजे, आणि पंख्याचा आवाज चढला नाही पाहिजे. आवाज चढत गेला तर लगेच मेन परत चालू करायला सांगा, मिनिटभराने इन्व्हर्टर जोडला जाऊन पंखा लोडवर आला आणि जड झाला की मग ब्रेक मारा आणि जोडणी त्या दिवसापुरती थांबवा, समोर कोणी कितीही घाईत असलं तरी.

चाचणी नीट झाली की मेन परत चालू. इन्व्हर्टर लगेच सुरू होणार नाही, व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी निदान ६० सेकंद स्थिर राहिल्याशिवाय त्याने जोडायचं नसतं. तो एक मिनिट सगळे घड्याळाकडे बघत उभे असतात. तीस सेकंदांत जोडला गेला तर सेटिंग चुकीचं आहे, त्यांनी विचारायच्या आधी तुम्हीच दाखवा.

गावाकडच्या फीडरवर एक त्रास नेहमी येतो. रात्री शेतीपंप बंद झाले की व्होल्टेज चढतं, आणि २५३ च्या वर गेलं, म्हणजे २३० च्या ११० टक्के, की इन्व्हर्टर ट्रिप होतो. वारा आहे, पंखा फिरतोय, पण युनिट पडत नाहीत. इन्व्हर्टरचा लॉग काढा, ट्रिपच्या वेळा लिहा आणि डीपीचा टॅप (ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) बदलण्यासाठी सेक्शन ऑफिसला लेखी अर्ज द्या. इन्व्हर्टरची मर्यादा गुपचूप वाढवून देणारे भेटतील, त्यांना हाकला.

पुढचं

बिलात इम्पोर्ट (लाईनवरून घेतलेली युनिट), एक्सपोर्ट (लाईनला दिलेली) आणि जनरेशन असे तीन आकडे येतात, पहिल्या दोन-तीन बिलांना मीटरवरचं रीडिंग फोटो काढून ताडून बघा. जास्तीची युनिट पुढच्या महिन्यात जातात, त्यामुळे आषाढ-श्रावणातलं क्रेडिट ऑक्टोबरच्या उकाड्यात वापरता येतं. हिशोब ३१ मार्चला संपतो आणि उरलेल्या युनिटला तुम्ही भरता तो दर मिळत नाही, म्हणून गरजेपेक्षा मोठं मशीन लावण्यात फायदा नाही. स्थिर आकार तर एक्सपोर्ट कितीही केलं तरी भरायचाच.

वर्षातून एकदा, मार्चमध्ये, वळवाच्या आधी टॉवर आडवा करा. नट-बोल्ट, पात्यांच्या कडा, ताणाच्या तारा, वरून येणारी केबल पिळली गेलीय का, डम्प लोडचे रेझिस्टर शाबूत आहेत का, एक जरी तुटला असेल तर बाहेरून कळत नाही, मीटर लावूनच बघावं लागतं.

आणि मीटर पेटीच्या आत एक कागद लॅमिनेट करून चिकटवा, मराठीत, मोठ्या अक्षरात : आधी डम्प लोड चालू आहे का बघा, वारा ओसरल्यावर ब्रेक स्विच "शॉर्ट"वर, मग आयसोलेटर बंद. खाली ठेकेदाराचा नंबर आणि महावितरणचा १९१२. वादळ येईल तेव्हा तुम्ही बहुतेक पुण्यात असाल आणि फार्महाऊसवर फक्त राखणदार असेल, त्याच्याकडून हे एकदा तुमच्यासमोर करून घ्या.